पुण्यातल्या परिवर्तनवादी कार्यकर्त्यांशी आणि लेखकांशी संवाद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं आम्ही पाच-सहा जण पुण्यात पुरोगामी चळवळीतल्या माणसांकडे जाऊन बसतो. त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करतो, उतरवून काढतो, त्यांना वाचून दाखवतो आणि मगच बाहेर देतो. हे वाचून अनेकांना आपल्या गावात, आपल्या वस्तीत असंच काही करावंसं वाटतं आणि ते प्रश्न पाठवतात. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न खाली एकत्र केले आहेत.

१. तुम्ही ‘पुरोगामी’ कोणाला म्हणता? हा शब्द फार मोघम वाटतो.

मोघम आहेच. आम्ही ज्यांना भेटतो त्यांतले कितीतरी जण हा शब्द स्वतःला लावून घेत नाहीत. कुणी स्वतःला सत्यशोधक म्हणवतं, कुणी आंबेडकरवादी, कुणी समाजवादी, कुणी कम्युनिस्ट, कुणी स्त्रीवादी, तर कुणी नुसतं ‘युनियनचा माणूस’. आमच्यापुरती खूण सोपी आहे. जात, लिंग, धर्म किंवा मजुरी यांवरून होणारा अन्याय ‘चालायचंच’ म्हणून सोडून न देता ज्यांनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलं किंवा लिहिलं, त्यांच्याकडे आम्ही जातो. पक्ष विचारत नाही. मात्र सुरुवातीलाच ‘तुम्ही स्वतःची ओळख कशी करून द्याल?’ असं विचारतो आणि छापताना त्यांचाच शब्द ठेवतो. एका ज्येष्ठ बाईंनी बजावलं होतं, ‘मला समाजसेविका लिहू नका. मी सेवा केली नाही, हक्क मागितले.’ तेव्हापासून हा शिरस्ता पडला.

२. पुण्यातच का? चळवळी तर मुंबई, कोल्हापूर, मराठवाड्यातही झाल्या.

आम्ही इथे राहतो, हे पहिलं कारण. पण पुण्याचं एक वेगळेपण आहे. इथे सुधारणा आणि तिचा विरोध एकमेकांपासून एका पेठेच्या अंतरावर राहत आले. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू केली. २४ सप्टेंबर १८७३ ला इथेच सत्यशोधक समाज स्थापन झाला. याच शहरात समाजसुधारक आगरकरांची, ते हयात असताना, विरोधकांनी प्रेतयात्रा काढली. १९२९ मध्ये शिवराम जानबा कांबळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पर्वतीवरच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह केला, तेव्हा सत्याग्रहींना दगड खावे लागले. २४ सप्टेंबर १९३२ ला येरवड्याच्या तुरुंगात पुणे करार झाला. १९७० मध्ये हमीद दलवाईंनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ पुण्यातच स्थापन केलं आणि नावातूनच फुल्यांशी नातं सांगितलं.

याचा परिणाम बोलण्यावर दिसतो. पुण्यातला जुना कार्यकर्ता समोर विरोधक बसलाय असं धरूनच बोलतो. दाखले तयार असतात, आक्षेपाचं उत्तर आक्षेपाआधी येतं. ऐकणाऱ्याला हे फार शिकवून जातं, आणि मुलाखत घेणाऱ्याची अडचणही इथूनच सुरू होते (प्रश्न ७ पाहा).

३. मी पत्रकार नाही, चळवळीतलाही नाही. मला असा संवाद करता येईल का?

येईल. ऐकायची तयारी, दोन-तीन तासांचा वेळ आणि बरा मोबाइल एवढं पुरतं. पत्रकार नसण्याचा एक फायदाही आहे. तुम्हाला उद्याच्या अंकासाठी बातमी नको असते, त्यामुळे समोरचा माणूस घाईत बोलत नाही.

४. कोणापासून सुरुवात करू? मोठ्या नावांपर्यंत माझी पोच नाही.

मोठ्या नावांपासून सुरुवात करूच नका. ज्यांची भाषणं, पुस्तकं, चरित्रं आधीच उपलब्ध आहेत त्यांच्याकडून तुम्हाला बहुतेक तेच पुन्हा ऐकायला मिळेल. त्यांच्याबरोबर काम केलेली माणसं शोधा. मोर्चाची पत्रकं वाटणारा, शिबिराचा हिशोब ठेवणारी, निवेदनं टाइप करून देणारा, जलशात मागे कोरस धरणारा.

पुण्यात यासाठी काही जागा चांगल्या आहेत. नवी पेठेतलं एस. एम. जोशी सभागृह आणि जवळचं पत्रकार भवन, सिंहगड रस्त्यावरचं साने गुरुजी स्मारक, कोथरूडचं गांधी भवन, मार्केट यार्डातलं हमाल भवन. कार्यक्रमाला जा, पण मागच्या रांगेत बसा आणि संपल्यावर थांबा. खुर्च्या उचलणाऱ्याशी बोला. तारखाही लक्षात ठेवा. ३ जानेवारी (सावित्रीबाईंची जयंती), ११ एप्रिल (जोतीरावांची जयंती), १४ एप्रिल (आंबेडकर जयंती), २० ऑगस्ट (दाभोलकरांचा स्मृतिदिन), २८ नोव्हेंबर (जोतीरावांचा स्मृतिदिन) या दिवशी वर्षानुवर्षं न चुकता येणारी माणसं भेटतात. फुलेवाड्यात २८ नोव्हेंबरला अर्धा दिवस बसलात तर पुढच्या दोन वर्षांची यादी तयार होईल.

कष्टकऱ्यांना विसरू नका. पुण्यातल्या कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आहे, आणि त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली. ज्या बाईने कचराकुंडीपासून सोसायटीच्या दारापर्यंतचा आणि तिथून महापालिकेच्या ओळखपत्रापर्यंतचा प्रवास केला, तिला शहराच्या राजकारणाबद्दल बरंच काही सांगायचं असतं. तिला ते कुणी विचारलेलं नसतं.

५. जाण्याआधी किती वाचून जावं? फार वाचलं तर मन पूर्वग्रहित होतं, असं मला वाटतं.

वाचून जा. आमची ठेच सांगते. सुरुवातीच्या काळात ‘एक गाव एक पाणवठा’ मोहिमेत फिरलेल्या एका गृहस्थांना मी दुष्काळाबद्दल, पाणीटंचाईबद्दल विचारत बसले. पंधरा मिनिटांनी ते शांतपणे म्हणाले, ‘ताई, गावात पाणी होतं. आम्हाला ते भरू देत नव्हते.’ बाबा आढावांची ती मोहीम सत्तरच्या दशकातली. गावातल्या दलितांना सार्वजनिक विहिरीवर, आडावर पाणी भरता येतं का, हे गावोगाव जाऊन पाहायचं आणि तो हक्क मिळवायचा, हा तिचा गाभा. फुल्यांनी १८६८ मध्ये स्वतःच्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, आणि त्यानंतर इतक्या वर्षांनीही कार्यकर्त्यांना विहिरी मोजत फिरावं लागलं. एवढी साखळी डोक्यात असती, तर त्या माणसाचा पहिला पाव तास मी वाया घालवला नसता.

काय वाचावं? माणसाबद्दलचं कमी, त्या काळाबद्दलचं जास्त. त्या वर्षांची वर्तमानपत्रं आणि नियतकालिकं ग्रंथालयात बसून चाळा. १९७२ च्या दलित पँथरच्या दिवसांबद्दल कुणाशी बोलणार असाल, तर ‘साधना’ साप्ताहिकाचा १५ ऑगस्ट १९७२ चा अंक मिळवून जा. त्यातल्या, पँथरचे राजा ढाले यांच्या लेखावरून किती गदारोळ उठला, हे माहीत असेल तर समोरचा माणूस ‘तेव्हा मी अमुक बाजूला होतो’ इथपासूनच सुरुवात करतो.

पूर्वग्रहाची भीती मला तितकीशी पटत नाही. काहीच न वाचता गेलेल्या माणसाच्या डोक्यातही पूर्वग्रह असतातच. वाचलेल्याला निदान ते कुठून आले हे ठाऊक असतं.

६. फोनवर काय बोलू? आणि काय म्हणून हाक मारू?

नाव, गाव, कुणाकडून नंबर मिळाला, नेमकं कशाबद्दल बोलायचंय आणि पुढे त्याचं काय करणार, या पाच गोष्टी पहिल्या मिनिटात सांगा. ‘तुमच्या कार्याविषयी जाणून घ्यायचंय’ असं सांगितलंत तर भाषण तयार होऊन येतं.

हाकेचं म्हणाल, तर त्यांच्या वर्तुळातलीच हाक पकडा. राष्ट्र सेवा दलातल्या जुन्या मंडळींना ‘साथी’ चालतं, डाव्या युनियनमध्ये ‘कॉम्रेड’, कॉलेजात शिकवलेल्या ज्येष्ठ प्राध्यापिकांना ‘बाई’. आंबेडकरी कार्यकर्त्यांना फोनवर ‘जय भीम’ म्हणायला संकोच वाटत असेल तर ‘नमस्कार’ म्हणा. ओढूनताणून म्हटलेला ‘जय भीम’ त्यांना लगेच कळतो. कचरावेचक किंवा घरकामगार बायकांना ‘मावशी’ म्हणण्याआधी विचार करा. सोसायटीत त्यांना दिवसभर तीच हाक ऐकावी लागते आणि त्यानंतर बहुधा काम सांगितलं जातं. ‘ताई’ म्हणा, किंवा नाव विचारून नावापुढे ताई लावा. आणि सगळ्यांना अहो-जाहो.

७. कार्यकर्ते मुलाखतीत भाषणच करतात. मधेच कसं अडवायचं?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच.

आधी हे समजून घ्या की भाषण ही त्यांची सवय नाही, ती त्यांची शिदोरी आहे. चाळीस वर्षं चौकात, बसस्टँडवर, गेटसभेत उभं राहून ज्यांनी पाच मिनिटांत माणसं थांबवली, त्यांच्या तोंडून मांडणी आधी बाहेर येणार. ती अडवू नका. पहिली वीस-पंचवीस मिनिटं तशीच जाऊ द्या, मान देऊन ऐका. त्यातच तुम्हाला एखादं नाव, एखादी जागा, एखादं वर्ष सापडतं. ते टिपून ठेवा आणि भाषणाला विसावा मिळाला की तिथे परत जा.

परत जाताना ‘का’ विचारू नका, ‘कसं’ विचारा. ‘तुम्ही चळवळीत का आलात?’ याला चाळीस वर्षांचं घोटलेलं उत्तर तयार असतं. ‘त्या दिवशी सकाळी घरातून निघालात तेव्हा घरात कोण होतं?’ याचं उत्तर तयार नसतं, त्यांना आठवावं लागतं. आम्ही नेहमी विचारतो असे काही प्रश्न सांगते. मोर्चा किती वाजता निघाला? पोरं कुणाकडे ठेवली होती? शिबिरात जेवण कुणी रांधलं? पहिल्यांदा माईक हातात आला तेव्हा तोंडातून पहिलं वाक्य काय निघालं? पोलीस चौकीत रात्री झोप लागली का? घरच्यांशी अबोला किती दिवस टिकला?

मार्केट यार्डातल्या एका निवृत्त हमालाशी बोलताना हे फार जाणवलं. माथाडी, म्हणजे ओझी वाहणाऱ्या कामगारांसाठीच्या, कायद्याबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी १९६९ चा कायदा, मंडळाची नोंदणी, लेव्ही, भविष्यनिर्वाह निधी असं सगळं अचूक सांगितलं. माझ्या वहीत ते आधीच होतं. मग माझ्या सहकाऱ्याने विचारलं, ‘बाबा, पोतं किती किलोचं असायचं?’ ते क्षणभर गप्प झाले. मग उठून उभे राहिले आणि शंभर किलोचं पोतं पाठीवर घेताना मान कुठे वळवायची, गुडघा किती वाकवायचा, हे करून दाखवलं. त्यांच्या वडिलांची मान एका बाजूला कायमची कललेली होती; ‘माझी कलली नाही, कारण तोवर युनियन होती’ असं त्यांनी सांगितलं. कायदा माणसाच्या शरीरापर्यंत कसा पोचतो, ते मला त्या दुपारी कळलं.

आणखी एक. शांतता सहन करायला शिका. ते थांबले की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. दहापर्यंत मनात मोजा.

८. लेखकांशी बोलताना वेगळं काय करावं लागतं?

त्यांचं लिखाण मूळातून वाचून जावं लागतं. इथे सवलत नाही. एक अडचण मात्र हमखास येते. लेखक आपल्या पुस्तकातली वाक्यंच पुन्हा म्हणतात, कारण त्या विचाराला त्यांनी घडवलेलं ते सर्वांत चांगलं रूप असतं. तेव्हा पुस्तक छापून आल्यावर काय झालं ते विचारा. गावातल्या कुणी वाचलं? नातेवाइकांनी बोलणं टाकलं का? पहिला निनावी फोन केव्हा आला? आत्मकथन लिहिलेल्या लेखिकांना मी एक प्रश्न आवर्जून विचारते: काय लिहायचं नाही असं ठरवलं होतंत? बहुतेकींनी नेमकं काय ते सांगितलं नाही. पण ते ठरवणं किती अवघड गेलं, हे सांगितलं.

९. कुठे बसावं?

जिथे त्यांचा हात सहज चालतो तिथे. युनियनच्या ऑफिसात चांगलं बोलणारा माणूस हॉटेलात अवघडतो. घरी गेलात तर पंखा, कुकर आणि रस्त्याकडची खिडकी यांचं काय करायचं ते आधी पाहा. नवऱ्यासमोर किंवा संघटनेच्या अध्यक्षांसमोर बाईंना बोलतं करायचा प्रयत्न करू नका. दुसरी वेळ मागा.

१०. मानधन द्यावं का? पैसे दिले तर बोलणं विकत घेतल्यासारखं होत नाही का?

लेखक, प्राध्यापक, पेन्शन असलेले कार्यकर्ते यांना आम्ही देत नाही, आणि ते मागतही नाहीत. पण ज्या बाईची रोजची कमाई हातावर आहे तिचे तीन तास तुम्ही घेता, तेव्हा तिचा तेवढा रोज बुडतो. तो भरून देणं म्हणजे बोलणं विकत घेणं नव्हे. रोज किती पडतो ते विचारून तेवढी रक्कम द्या, तीही बोलणं सुरू होण्याआधी, म्हणजे चांगलं बोललं तर पैसे मिळतील असं तिला वाटणार नाही. कुणी नको म्हणालं तर आग्रह धरू नका. रिक्षाभाडं मात्र सगळ्यांना.

११. ध्वनिमुद्रणाची परवानगी तोंडी पुरते का?

तोंडी परवानगी मुद्रणातच घ्या, म्हणजे तिची नोंद राहते. पण ‘रेकॉर्ड करू ना?’ एवढं विचारणं अपुरं आहे. तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारा: मुद्रण करू का, लिहून प्रसिद्ध करू का, आवाज लोकांना ऐकवू का. पहिल्या दोनांना हो आणि तिसऱ्याला नाही म्हणणारे खूप असतात. खेड्यातून आलेल्या काही बायकांना आपला आवाज भावकीतल्या लोकांच्या मोबाइलवर फिरेल ही भीती असते, आणि ती खरी असते. ज्यांना वाचता येत नाही त्यांचा अंगठा फॉर्मवर घेऊन काम उरकू नका. मजकूर मोठ्याने वाचून दाखवा.

१२. बोलता बोलता ‘हे छापू नका’ म्हणाले, आणि नेमकं तेच सगळ्यात महत्त्वाचं होतं. काय करू?

छापू नका. नाव बदलून, जागा बदलूनही नाही. चळवळीचं जग लहान आहे, दोन तपशिलांवरून माणूस ओळखू येतो. काही महिन्यांनी उतरवलेला मजकूर दाखवायला जाल तेव्हा पुन्हा एकदा, फक्त एकदाच, विचारा. आमच्या अनुभवात काही जण तोवर तयार झालेले असतात.

मजकूर वाचल्यावर ‘हे मी बोललोच नाही’ म्हणणारेही भेटतात. मुद्रण ऐकवा. तरी काढा म्हणाले तर काढा.

१३. बोलीत बोललेलं प्रमाण भाषेत बदलून छापावं का?

नाही. पण जसंच्या तसं म्हणजे काय, याचाही विचार हवा. ‘व्हतं’, ‘आन्’, ‘लई’ असं बोलणाऱ्या हमालाचं प्रत्येक अक्षर उच्चाराबरहुकूम छापायचं आणि सदाशिव पेठेतल्या प्राध्यापकांचं ‘म्हंजे’, ‘कायेना’ मात्र ‘म्हणजे’, ‘काय आहे ना’ असं सावरून घ्यायचं, हे मी खूप ठिकाणी पाहिलंय. त्यातून एक माणूस अडाणी दिसतो आणि दुसरा विद्वान, दोघेही आपापल्या बोलीतच बोलत असताना. आमचा नियम एकच: क्रियापदं, शब्द, म्हणी आणि वाक्याची ठेवण सगळ्यांची जशी आहे तशी, उच्चारातली अक्षरं सावरायची तर सगळ्यांची सावरायची.

१४. जात विचारावी का? विचारलं तर आपणच जातीयवादी ठरतो असं वाटतं.

हा संकोच बहुतेक वेळा सवर्ण मुलाखतकाराचा असतो. जातीविरुद्ध आयुष्य घालवलेल्या माणसाला जातीबद्दल बोलायचं असतं. पण ‘तुमची जात कोणती?’ हा थेट सवाल त्याने शाळेच्या दाखल्यापासून भाड्याच्या खोलीपर्यंत ऐकलेला असतो, म्हणून तो तसा टाकू नका. वस्ती गावाच्या कोणत्या बाजूला होती, पाणी कुठून आणायचा, वर्गात कुठे बसायचा, पुण्यात पहिली खोली कशी मिळाली, असं विचारत जा.

आणि सवर्ण कार्यकर्त्यांनाही हेच विचारा. घरात पाण्याचा माठ कुणाला शिवता यायचा, आईचा सोवळ्याचा नियम काय होता, जानवं कधी काढलं, लग्न कुणाशी आणि कसं झालं. फक्त दलित कार्यकर्त्यांनाच जात विचारली जाते, ही आपल्याकडच्या मुलाखतींची मोठी उणीव आहे.

१५. अत्याचाराच्या घटनांबद्दल बोलणं झालं. नावं छापता येतात का?

लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रीची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. तिची स्वतःची लेखी परवानगी असेल तर अपवाद होतो. ओळख म्हणजे फक्त नाव नव्हे. गावाचं, नवऱ्याचं किंवा शाळेचं नाव देऊनही ती उघड होते. पीडित अल्पवयीन असेल तर पॉक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा) कायदा आणखी कडक आहे. तिथे विशेष न्यायालयाची परवानगी लागते. कार्यकर्त्याने सभेत ते नाव घेतलं होतं, म्हणून तुम्हाला ते छापता येतं, असं नाही.

१६. दाभोलकर खुनासारख्या खटल्यांबद्दल लोक सरळ नावं घेऊन आरोप करतात. ते ठेवावेत का?

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी ओंकारेश्वरजवळच्या, महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचं नाव असलेल्या पुलावर झाला. दर २० ऑगस्टला कार्यकर्ते तिथे जमतात, आणि त्या पुलावर उभं राहून कुणीही शांत आवाजात बोलू शकत नाही. आम्हालाही जमलेलं नाही.

तरी छापताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवा: न्यायालयात काय सिद्ध झालं, तपासात काय मांडलं गेलं आणि बोलणाऱ्याला काय वाटतं. पुण्याच्या विशेष न्यायालयाने १० मे २०२४ ला दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना निर्दोष सोडलं. सुटलेल्या माणसाला खुनी म्हणणारं वाक्य तुम्ही छापलंत तर बदनामीची जबाबदारी बोलणाऱ्यावर तशी छापणाऱ्यावरही येते. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ पाहा. सत्य असणं आणि लोकहिताचं असणं हा बचाव आहे, पण तो तुम्हाला शाबीत करावा लागतो. आम्ही अशा ठिकाणी आरोपाचं वाक्य काढतो आणि दुःखाचं, रागाचं, प्रश्नाचं वाक्य ठेवतो. ‘सूत्रधार कोण, हे अजून आम्हाला कळलेलं नाही’ या वाक्यात कुणाची बदनामी नाही आणि त्याची धारही कमी नाही.

एल्गार परिषदेच्या (पुण्यात शनिवारवाड्यावर २०१७ च्या अखेरीस झालेल्या सभेच्या) प्रकरणाबद्दल विचारणाऱ्यांनाही हेच उत्तर. ज्यांच्यावरचा खटला चाललेला आहे त्यांच्याशी किंवा त्यांच्या घरच्यांशी बोलणार असाल तर त्यांच्या वकिलांना आधी विचारा. जामिनाच्या अटी असतात, आणि तुमच्या उत्साहापायी कुणाचा जामीन धोक्यात यायला नको.

१७. चळवळीतली भांडणं छापावीत का? विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल.

छापावीत. या एका मुद्द्यावर आमच्या गटातही पहिल्यांदा वाद झाला होता, म्हणून सविस्तर लिहिते.

ज्याला आपण पुरोगामी महाराष्ट्र म्हणतो तो भांडणांतूनच घडला. पुणे करार हाच मुळात गांधी आणि आंबेडकर या दोन मोठ्या माणसांमधल्या खोल मतभेदातून आला, आणि त्याची खंत आंबेडकरी समाजात आजही आहे. तो मतभेद गाळून येरवड्याबद्दल काय सांगणार? १९६६ मध्ये दलवाईंनी तोंडी तलाकविरुद्ध सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला, तेव्हा पुरोगामी म्हणवणारे सगळे त्यांच्यामागे उभे राहिले, असं झालं नाही. जात आधी की वर्ग आधी, यावरून कितीजणांची मैत्री तुटली, ते आम्ही दोन्ही बाजूंकडून ऐकलंय.

आणि एक भांडण असं आहे जे बायका सांगतात आणि पुरुष विसरतात. समाजवादी घरात वाढलेल्या, सत्तरच्या दशकात शिबिरांना जाणाऱ्या एक ताई म्हणाल्या, ‘समतेवर चर्चा रात्री बारापर्यंत चालायची. सकाळी सहाला पोहे करायला मात्र आम्हीच उठायचो. एकदा आम्ही उठलो नाही. नऊ वाजेपर्यंत कुणाला काही सुचेना.’ त्या सकाळच्या बैठकीत काय बोलणं झालं, ते त्यांना शब्दशः आठवत होतं. त्याच शिबिराला असलेल्या दोन पुरुषांना विचारलं तर शिबिर छान आठवत होतं, पोहे नव्हते. आम्ही तिघांचं शेजारी शेजारी छापलं.

मर्यादा दोनच. भांडण मुद्द्यावरचं असावं, कुणाच्या घरातलं नव्हे. आणि ज्याच्याबद्दल बोललं गेलंय तो हयात असेल तर छापण्याआधी त्याला विचारायला जा.

१८. फक्त पुरोगाम्यांशीच का बोलता? दुसरी बाजू का नाही?

दुसऱ्या बाजूच्या माणसांशी कुणी बोललं तर आम्ही आनंदाने वाचू. पण प्रत्येक दलित कार्यकर्त्याच्या अनुभवासमोर तो अनुभव नाकारणारा एक माणूस बसवणं, याला समतोल म्हणता येत नाही. आम्ही समतोल प्रश्नांमधून आणतो. तुमचं चुकलं कुठे, लोक तुम्हाला सोडून का गेले, तुमची स्वतःची मुलं चळवळीत का नाहीत, हे प्रश्न आम्ही प्रत्येकाला विचारतो. शेवटचा प्रश्न बहुतेकांना लागतो.

१९. वय झालेल्या कार्यकर्त्यांच्या सन-तारखा चुकतात. दुरुस्त कराव्यात का?

मूळ बोलणं तसंच ठेवा आणि बरोबर सन चौकटी कंसात द्या. घटनांचा क्रम लावायचा असेल तर त्यांना सन विचारूच नका. पानशेतच्या पुराआधी की नंतर? ७२ च्या दुष्काळात? आणीबाणीत? पहिलं मूल झालं होतं का? या खुंट्यांवर आठवणी नीट टांगल्या जातात. कधी कधी चूकच बोलकी असते. दोन वेगळ्या मोर्चांची एकच आठवण करून कुणी सांगत असेल, तर त्यांच्या मनात ते दोन्ही एका गोष्टीसाठी होते, हे त्यातून कळतं.

२०. ज्यांच्याशी बोललो ते गेले. मजकूर दाखवायचा राहिला होता.

हे आमच्याही बाबतीत झालंय, एकदा नव्हे. आता आम्ही उतरवण्याचं काम महिन्याभरात पुरं करतो. तरी राहिलंच, तर मुद्रणात त्यांनी घातलेल्या अटी तशाच पाळा (प्रश्न ११), मग घरच्यांकडे जा. घरच्यांना काही भाग नकोसा वाटू शकतो, विशेषतः स्वतःबद्दलचा. अशा वेळी त्या भागापुरतं थांबा. त्यांच्या कविता, लेख किंवा पत्रं सोबत छापायची असतील तर वारसांची लेखी परवानगी घ्या. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो.

२१. मुलाखत प्रसिद्ध झाल्यावर त्या कार्यकर्त्याविरुद्ध छळाची तक्रार झाल्याचं कळलं. मुलाखत काढून टाकू का?

सगळ्यांत अवघड प्रश्न. आमच्यावर ही वेळ आली तेव्हा दोन आठवडे आम्ही निर्णय घेऊ शकलो नाही.

कायद्यापुरतं आधी. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाची तक्रार २०१३ च्या कायद्याखाली समितीपुढे असेल तर तक्रारदाराची, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याची आणि साक्षीदारांची ओळख, तसंच तक्रारीतला मजकूर प्रसिद्ध करता येत नाही. म्हणजे ‘अमुक तक्रारीमुळे मुलाखत काढत आहोत’ अशी टीप टाकणंही अडचणीचं ठरू शकतं.

आम्ही काय केलं ते सांगते. मुलाखत लोकांसमोरून मागे घेतली, कारण दिलं नाही, मूळ मुद्रण जपून ठेवलं. तक्रार करणारीपर्यंत तिच्या मैत्रिणीमार्फत निरोप पोचवला की तिला कधी बोलायचं असेल तर आम्ही ऐकायला येऊ, आणि नसेल तर पुन्हा विचारणार नाही. ‘इतक्या मोठ्या कामाच्या माणसाला एका तक्रारीवरून पुसता का?’ असं आम्हाला विचारलं गेलं. काम पुसलं जात नाही. त्या संघटनेत तेच काम करणाऱ्या आणखी सात जणांशी आम्ही नंतर बोललो आणि त्यांचं सगळं छापलं.

२२. सगळं झाल्यावर त्यांना काय द्यावं?

कागदावर छापलेल्या दोन प्रती, अक्षर मोठं. एक त्यांच्यासाठी; दुसरी लागतेच, कारण पहिली कुणीतरी वाचायला म्हणून घेऊन जातं. पूर्ण मुद्रण पेनड्राइव्हवर घालून घरातल्या तरुण माणसाच्या हातात द्या आणि ते कसं उघडायचं हे त्याला तिथेच करून दाखवा. प्रत पोस्टाने पाठवू नका, घेऊन जा. त्या भेटीत मुद्रण करू नका, पण वही जवळ ठेवा.